गोड मक्याची पेरणी

मका आपल्याला नवा नाही. परसात चार ताटे लावावीत आणि श्रावणात कणसे भाजून पोरांना द्यावीत, ही आपली जुनी रीत. पण तालुक्याच्या बाजारात पिवळ्याधमक दाण्यांची कणसे उकडून, तिखट-मीठ लावून विकतात, ती तुम्ही पाहिली असतील. तो मका वेगळा. शहरात त्याला स्वीट कॉर्न म्हणतात. आपण त्याला गोड मका म्हणू.

ज्याच्याजवळ जमीन थोडी आहे, पण विहिरीला थोडेफार पाणी आहे आणि बाजार जवळ आहे, त्याला हे पीक सोयीचे. सत्तर ते पंच्याऐंशी दिवसांत कणसे हाती येतात. कणसे काढली की हिरवी ताटे जनावरांना होतात. पण हे पीक साध्या मक्यासारखे पेरून चालत नाही. पुष्कळ जण तसेच पेरतात आणि मग म्हणतात, "बियाणंच खोटं निघालं." कधी बियाणे खरोखरच खराब असते. पण पुष्कळदा दोष असतो मशागतीचा. म्हणून या पाठात आपण दहा गुंठे जमीन धरू आणि ती तयार करून गोड मका कसा पेरायचा, ते पाहू.

दाणा सुरकुतलेला का?

गोड मक्याचे बी हातावर घेऊन पाहा. साध्या मक्याचा दाणा कसा टपोरा आणि गुळगुळीत असतो! गोड मक्याचा दाणा सुरकुतलेला, चपटा आणि हलका असतो. नवखा माणूस म्हणेल, हे बी किडके आहे. पण तसे नाही. तो दाणा असाच असतो.

याचे कारण समजून घेऊ. मक्याचा दाणा कोवळा असतो तेव्हा त्यात साखर असते. दाणा जून होत जातो तसतसे त्या साखरेचे पीठ होते. गोड मक्यात जन्मतःच असा गुण असतो, की साखरेचे पीठ फार कमी होते. म्हणून तो कोवळेपणी गोड लागतो. आणि पीठ भरले नाही म्हणून वाळल्यावर तो सुरकुततो. फार गोड जातींमध्ये हा गुण जास्त असतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातले शास्त्रज्ञ जॉन लॉफ्नन यांना असे सुरकुतलेले दाणे चवीला फार गोड असल्याचे आढळले. त्यांनी १९५३ साली त्याविषयी लिहिले. त्यानंतर अशा गोड जाती तयार होत गेल्या.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. दाण्यातले पीठ ही कोंबाची शिदोरी असते. जमिनीतून वर येईपर्यंत कोंब त्याच शिदोरीवर जगतो. साध्या मक्याजवळ शिदोरी भरपूर असते. तो ढेकूळ फोडूनही वर येतो. गोड मक्याजवळ शिदोरी थोडी. दाणा खोल पडला, वर ढेकूळ आले, माती थंड किंवा चिखलट असली, तर वाटेतच ती संपते आणि कोंब मातीतच मरतो.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा. गोड मक्याचा दाणा दुबळा असतो. त्याला जमिनीनेच सांभाळून घ्यावे लागते. पुढे जी जी कामे सांगितली आहेत, ती सगळी यासाठीच आहेत.

आधी हिशेब करू

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. दोन ओळींत अडीच फूट अंतर ठेवले, तर एका गुंठ्यात १३ ओळी बसतात. ओळीत दर आठ इंचांवर एक झाड धरले, तर एका ओळीत सुमारे ५० झाडे येतात. १३ गुणिले ५० म्हणजे ६५०. दहा गुंठ्यांत झाली ६,५०० झाडे.

गोड मक्याच्या एका झाडाला विकण्याजोगे कणीस एकच धरावे. म्हणजे ६,५०० झाडे तर ६,५०० कणसे. समजा, शंभरातले सत्तरच दाणे उगवले. मग झाडे झाली ४,५५०. बाकीची १,९५० कणसे गेली. खत, पाणी, मजुरी मात्र पुऱ्या दहा गुंठ्यांची लागली. पाहिलंत ना? तोटा पेरणीच्या दिवशीच होतो. आपल्याला तो दिसतो काढणीला.

जागा कशी निवडावी?

मध्यम ते भारी, पण पाण्याचा निचरा होणारी जमीन चांगली. मक्याला पाणी हवे, पण साचलेले पाणी सोसत नाही. लहान रोपाच्या मुळाशी दोन-तीन दिवस पाणी राहिले, तर रोप पिवळे पडते. पावसाळ्यात ज्या कोपऱ्यात डबके साचते, तो कोपरा सोडून द्यावा. नाहीतर उताराच्या बाजूला आधी चर काढावा.

मागच्या हंगामात जिथे मका होता, तिथे पुन्हा मका घेऊ नये. घेवडा, सोयाबीन, कांदा किंवा भाजीपाला निघालेले रान बरे.

आता शेजारच्या रानाकडे पाहा. मक्याचा तुरा शेंड्याला असतो. कणीस खाली बगलेत असते. तुऱ्यातले पराग वाऱ्याने उडून कणसाच्या केसांवर पडतात. कणसाचा प्रत्येक केस आत एका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला, त्याचा दाणा भरतो. ज्यावर नाही पडला, ती जागा रिकामी राहते.

यातून दोन गोष्टी शिकायच्या.

पहिली गोष्ट. शेजारी साधा मका असेल आणि त्याचे पराग आपल्या कणसांवर पडले, तर ते दाणे पिठूळ होतात. गोडी जाते. म्हणून दोन्ही पिकांत निदान शंभर-दोनशे मीटर अंतर असावे. लहान शेतकऱ्याला एवढे अंतर कुठून मिळणार? मग वेळेचे अंतर ठेवावे. दोन्ही रानांचा फुलोरा निदान दोन आठवडे मागेपुढे होईल, अशी पेरणी करावी. त्यासाठी शेजाऱ्याकडे जाऊन विचारावे, "दादा, तुमचा मका कधी पेरणार? कोणती जात? किती दिवसांत तुरा येतो?" बांधावरून वाद घालायला आपण जातोच. एकदा हे विचारायलाही जावे. त्याला काही खर्च नाही.

दुसरी गोष्ट. बांधाच्या कडेने गोड मक्याची एकच लांब ओळ लावू नये. वाऱ्याने पराग भलतीकडे जातात आणि कणसे बोळकी राहतात. आखूड का होईना, पण शेजारी शेजारी निदान चार ओळी असाव्यात. चौकोनी तुकडा सर्वांत चांगला.

मशागत

उन्हाळ्यात, आधीचे पीक निघाल्यावर, जमीन खोल नांगरावी. धसकटे वेचून काढावीत. हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी गोळा करून बाहेर टाकाव्यात. नांगरलेले रान उन्हात तापू द्यावे. याचा आणखी एक फायदा आहे. मक्याची नवी लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि मग सगळीकडे पसरली. ही अळी कोषात जाते ती मातीत. खोल नांगरटीने ते कोष वर येतात. काही उन्हाने मरतात, काही बगळे आणि साळुंक्या टिपतात.

त्यानंतर शेणखत पसरावे. दहा गुंठ्यांना चांगले कुजलेले एक टन, म्हणजे साधारण दोन बैलगाड्या, पुरे. कच्चे खत घालू नये. त्याने हुमणी आणि वाळवी वाढते. खत पसरून कुळवाच्या दोन पाळ्या द्याव्यात. एक उभी, एक आडवी.

इथे पुष्कळ जण थांबतात. साध्या मक्याला एवढे चालते. गोड मक्याला चालत नाही. राहिलेली ढेकळे फोडावीत, फळी मारावी. वरची तीन-चार इंच माती भुसभुशीत झाली पाहिजे. हाताने चाळून पाहा. लिंबाएवढे ढेकूळ हाताला लागता कामा नये. फार मोठे काम नाही. दहाच तर गुंठे आहेत!

मग अडीच फुटांवर सऱ्या काढाव्यात. सरी-वरंब्याचा फायदा दुहेरी आहे. पावसाळ्यात जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. उन्हाळ्यात थोडक्या पाण्यात भागते.

रासायनिक खत माती तपासून द्यावे. तपासणी झाली नसेल, तर दहा गुंठ्यांना साधारण प्रमाण असे धरावे : सिंगल सुपर फॉस्फेट ३७ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ७ किलो आणि युरिया २६ किलो. फॉस्फेट आणि पोटॅश पेरणीच्या वेळी सगळे द्यावे. युरियाचे तीन सारखे भाग करावेत. एक भाग पेरणीला, दुसरा महिन्याने, तिसरा दीड महिन्याने. जमिनीत जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट २ किलो द्यावे. पण ते फॉस्फेटमध्ये मिसळू नये. दाणा आणि खत यांची गाठ पडू देऊ नये. खत दाण्याच्या बाजूला दोन बोटे सरकवून आणि थोडे खोल असावे. खताला चिकटलेला दाणा जळतो.

पुडी वाचा

दहा गुंठ्यांना सुमारे एक किलो बियाणे लागते. ते महाग असते. म्हणून दुकानात पैसे देण्याआधी पुडी हातात घ्या आणि वाचा. आता तुम्हाला वाचता येते. मग ते काम दुकानदारावर कशाला सोडायचे?

पुडीवरच्या चिठ्ठीवर काय पाहावे? जातीचे नाव. लॉट नंबर. शंभरात किती दाणे उगवतात तो आकडा. बी तपासल्याची तारीख. कधीपर्यंत वापरावे ती तारीख. वजन. विकणाऱ्याचे किंवा तयार करणाऱ्याचे नाव. आपल्या देशात १९६६ साली बियाणे कायदा झाला. पुडीवर काय लिहिलेले असावे, ते त्या कायद्याने आणि त्याच्या नियमांनी ठरले आहे. मुदत संपलेली पुडी घेऊ नये. दुबळा दाणा जुना झाला की आणखी दुबळा होतो.

पावती मागून घ्यावी. पावतीवर जात आणि लॉट नंबर लिहून घ्यावा. रिकामी पुडी आणि मूठभर बी जपून ठेवावे. बी उगवलेच नाही, तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. पण हातात कागद नसेल, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

पुष्कळदा बियाण्याला लाल-गुलाबी रंगाचे औषध चोळलेले असते. ते विष असते. असे बी खाऊ नये, कोंबड्यांना घालू नये, पोरांच्या हाती देऊ नये. पेरणी झाली की हात साबणाने धुवावेत.

आपल्याच शेतातले कणीस वाळवून पुढच्या वर्षी पेरावे, असे काहींना वाटते. संकरित बियाण्याचे तसे करू नये. पुढच्या पिढीत झाडे सारखी येत नाहीत. कणसेही सारखी भरत नाहीत.

उगवण तपासा

पेरणीआधी आठ दिवस हे काम करावे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या. त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडा. तुकडा हलक्या हाताने गुंडाळा आणि सावलीत, उबदार जागी ठेवा. रोज थोडे पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा.

नव्वद कोंब आले तर निश्चिंत पेरा. ऐंशी आले तर थोडे बी जास्त धरा. साठ-सत्तरच आले तर ते बी पेरू नका. पुडी आणि पावती घेऊन दुकानात जा. रानात कळण्यापेक्षा गोणपाटावर कळलेले चांगले, नाही का?

पेरणी कधी आणि कशी?

खरिपात चांगला पाऊस होऊन जमीन पुरती ओली झाली, की जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत पेरावे. रब्बीत ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. उन्हाळी पेरणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. कडाक्याच्या थंडीत पेरू नये. थंड मातीत दाणा फुगतो, पण कोंब हलत नाही, आणि बी कुजते. फार उशिराही पेरू नये. एप्रिलच्या कडक उन्हात तुरा आला, तर पराग वाळतात.

जमिनीला वाफसा आला की पेरावे. वाफसा कसा ओळखायचा? मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा झाला पाहिजे. तो कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडावा. फुटला तर वाफसा आला. तसाच राहिला तर जमीन अजून चिखलट आहे. गोळाच झाला नाही, तर जमीन कोरडी आहे. ती आधी ओलवून घ्यावी आणि वाफशाची वाट पाहावी. कोरड्यात पेरून वर पाण्याचा लोट सोडू नये. वरची माती बसते आणि तिचा पापुद्रा धरतो. दुबळ्या कोंबाला तो फोडता येत नाही.

टोकण वरंब्याच्या बगलेला, मध्यावर करावी. थंडीच्या दिवसांत वरंबे पूर्व-पश्चिम असतील, तर दक्षिणेकडची बगल धरावी. तिथे ऊन जास्त लागते आणि माती उबदार राहते.

खोली दीड इंच, म्हणजे बोटाचे दीड पेर. त्याहून खोल नको. दोन दाण्यांत आठ इंच, म्हणजे वीतभरापेक्षा थोडे कमी. एका जागी एक दाणा. वर भुसभुशीत माती ओढून हलकेच दाबावी. पायाने तुडवू नये.

आपल्याकडे टोकण बहुतेक बायकाच करतात. बियाणे आणतो एक, आणि मातीत घालते दुसरी. मग खोली किती, अंतर किती, एवढी खोली का, हे तिला कळायला नको का? "उरका लवकर" म्हणून काम होते, पण उगवण होत नाही. म्हणून पेरणीच्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून आधी हा भाग वाचावा. आठ इंचांची काडी मोडून प्रत्येकीच्या हातात द्यावी. त्या काडीवर दीड इंचाची खूण करावी. एका काडीत अंतरही मोजले जाते आणि खोलीही.

सगळे रान एकाच दिवशी पेरावे का? कणसे एकदम तयार होतात आणि ती टिकत नाहीत. बाजार लहान असेल तर दहा गुंठ्यांचे दोन-तीन तुकडे करावेत आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावेत. पण तीनाहून जास्त तुकडे नकोत. पीक सारखे मागेपुढे राहिले, तर लष्करी अळीला कोवळी पाने कायमच मिळत राहतात.

पहिले वीस दिवस

पाण्यावरचे पीक असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी हलके आंबवणीचे पाणी द्यावे. पाचव्या ते आठव्या दिवशी कोंब वर येतात. तेव्हा राखण ठेवावी. कावळे कोवळी रोपे उपटून खालचा दाणा खातात.

पेरणीच्याच दिवशी शे-दोनशे दाणे कागदाच्या पुड्यांत माती घालून लावून ठेवावेत. जिथे दाणा उगवला नाही, तिथे आठ-दहा दिवसांच्या आत ही रोपे पुडीसकट लावून नांग्या भराव्यात. उशिरा भरलेली नांगी वाया जाते. मोठ्या झाडांच्या सावलीत ते रोप खुरटते.

पंधरा-वीस दिवसांनी खुरपणी करावी. रोज सकाळी पोंगे पाहावेत. पानावर पांढरे, कागदासारखे चट्टे दिसले, किंवा पोंग्यात भुशासारखी घाण दिसली, तर अळी आली असे समजावे. पानांवरचे अंडीपुंज हाताने चिरडावेत. पोंग्यात कोरडी वाळू किंवा माती टाकावी. अळी फार वाढली, तर कृषी सहायकाला विचारून औषध मारावे. मनाने मारू नये. हे कणीस लोक ताजे खातात. कणसे भरल्यावर तर विषारी औषधाला हातच लावू नये.

काढणीचे थोडेसे

एवढे सांभाळले की पुढे पीक आपणहून धावते. तुरा आणि केस येतात तेव्हा पाणी तोडू नये. केस बाहेर आल्यापासून अठरा ते बावीस दिवसांत कणीस तयार होते. केस तपकिरी होतात. दाण्याला नख लावले की दुधासारखा रस येतो. रस पाण्यासारखा असेल तर कणीस कोवळे आहे. पिठासारखा असेल तर दिवस टळला. पहाटेच्या गारव्यात कणसे काढावीत, सावलीत ठेवावीत आणि त्याच दिवशी बाजारात न्यावीत. तोडल्या घडीपासून गोडी उतरू लागते.

आता सांगा

१. गोड मक्याचा दाणा सुरकुतलेला का असतो? त्यामुळे पेरताना काय काळजी घ्यावी?
२. एका गुंठ्यात ६५० झाडे बसतात. तुमच्या घरच्या तुकड्यात किती बसतील? हिशेब वहीत करा.
३. शंभर दाणे तपासले. ८४ उगवले. ६,५०० दाणे पेरले, तर अंदाजे किती झाडे येतील?
४. बांधाच्या कडेने एकच ओळ लावली, तर कणसे बोळकी का राहतात?
५. घरात बियाण्याची कोणतीही पुडी असेल ती आणा. तिच्यावरची तारीख आणि उगवणीचा आकडा मोठ्याने वाचून दाखवा.